म्हात्रेबाई आणि कण्याचा आवाज

आमच्या मुरुडात पाहुणा आला की आधी पाणी विचारतात. म्हात्रेबाई कुणाकडे गेल्या की आधी गुडघा विचारतात. "बसा त्या खुर्चीवर. पाय लोंबते सोडा. माझ्याकडे बघू नका, समुद्राकडे बघा," एवढं म्हणायचं आणि आपण समुद्र शोधतोय तोवर पर्समधून रबरी डोक्याची हातोडी काढून गुडघ्याच्या वाटीखाली टक्क करून मारायची. पाय आपोआप उडतो. आमच्या पोस्टमनचा एवढा उडाला की त्याची चप्पल शहाळेवाल्याच्या गाडीवर जाऊन पडली. बाई खूश. "कणा टकाटक आहे हो तुमचा, पाय तोच उडवतो," म्हणाल्या आणि चप्पल शोधायचं काम त्याच्यावर सोडून पुढच्या घरी गेल्या.

माझं इथं तीन खोल्यांचं लॉज आहे. त्यामुळे या हातोडीचा सगळ्यात जास्त मार माझ्या गिऱ्हाइकांनी खाल्ला आहे. पुण्याहून आलेल्या एका नवीन जोडप्यातल्या नवऱ्याचा गुडघा बाईंनी पोहे यायच्या आत तपासला आणि त्याच्या बायकोला सांगितलं, "डावा जरा आळशी आहे. लक्ष ठेवा." ती दोघं दिवसभर काशीदच्या किनाऱ्यावर जाऊन आली, पण ती मुलगी म्हणे सगळा वेळ नवऱ्याच्या डाव्या पायाकडेच बघत होती. इंटरनेटवर आमच्या लॉजबद्दल कुणीतरी लिहून ठेवलंय, 'खोली साधी, मासे उत्तम, गुडघा फुकट तपासून मिळतो.' मी ते बाईंना रागारागानं वाचून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे आभार मानले आणि कुणाचा गुडघा होता ते आठवत बसल्या.

बाई मूळच्या पेणकडच्या, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातल्या. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि शिकवून झाल्यावर उरलेला वेळ पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींना दिला. बेडूक, मासे, कासवं, ज्याला म्हणून कणा आहे त्याच्याशी बाईंची ओळख. निवृत्त झाल्यावर मांडव्याच्या बोटीनं आल्या, दोन दिवस हवापालट म्हणून माझ्या लॉजवर उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या परड्यातली रिकामी खोली भाड्यानं मागितली. "इथं मासे ताजे मिळतात," म्हणाल्या. मला वाटलं खायला. त्यांना ते बघायला हवे होते.

एकदा बंदरावर एका कोळणीनं वामेचं डोकं छाटून धड टोपलीत टाकलं. वाम म्हणजे सापासारखा लांबलचक मासा. डोकं गेलं तरी धड आपलं वळवळतंय, जणू अजून पोहतंय. शेजारी उभ्या असलेल्या एका पर्यटक बाईंनी किंकाळी फोडली. आमच्या बाई गर्दीतून पुढे घुसल्या. "ओरडताय काय? मेंदू गेलाय, कणा आहे ना! पोहायचा ताल कण्यातच असतो. आता बर्फ ठेवा त्याच्यावर. बघा, मंदावला की नाही? थंडीत माशाच्या पेशी रेंगाळतात." त्या पर्यटक बाई तोवर निघून गेल्या होत्या. कोळीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, मासली घेतेस का तिची शाला घेतेस?"

बाईंचा एक प्रश्न ठरलेला. "होतंय का, ते कुणीही सांगेल. किती भराभर होतंय ते सांगा." एसटी आली म्हटलं तर किती वेगानं आली, माझी बायको सुनंदा माझ्यावर चिडली म्हटलं तर मिनिटाला किती शब्द. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मला शिकवायच्या. मला त्या पहिल्यापासून मालक म्हणतात आणि पहिल्या बाकावरच्या ढ विद्यार्थ्यासारखं वागवतात.

"कण्यातली पेशी वाजते, मालक. तड्. तिनं वाजायचं आणि स्नायूनं ऐकायचं. सावकाश वाजली तर नुसती थरथर, भराभर वाजली तर पाय उचलला जातो. आता ती किती भराभर वाजणार, हे कशावर ठरतं?"

"इच्छेवर," मी म्हटलं.

"जल्ला मेला तुमचा लक्षन!" चिडल्या की बाई थेट मिठागरावर उतरतात. "नुसत्या इच्छेनं काय होतंय? बेरीज-वजाबाकी असते ती. कुणी तिला 'वाज, वाज' म्हणतं, कुणी 'गप, गप' म्हणतं. कातडीकडून निरोप येतात, स्नायूकडून येतात, मेंदूकडून येतात. शिवाय मेंदूच्या बुडाकडून एक रसायन खाली येत असतं, ते तिला जागं ठेवतं, मग लहानशा निरोपालाही ती उठते. आणि तिचा स्वतःचा स्वभाव असतोच. एकदा वाजली की तिला दम खावा लागतो. बारक्या पेशी लवकर उठतात, दांडग्या उशिरा. पुरे का अजून सांगू?"

मी पुरे म्हणायच्या आत त्यांनी अजून सांगितलं. आतून सुनंदा म्हणाली, "हे दांडग्यातले. चहा झाला की उठतात."

गंमत चालायची. पण कधी कधी मला जाणवायचं, की बाई उठून परड्याकडे निघाल्या की रस्त्यात तीन वेळा मागं वळून काहीतरी राहिलेलं सांगतात. त्यांच्या खोलीकडे कधी कुणी आलेलं मी पाहिलं नाही. दिवाळीतसुद्धा नाही.

आमच्या शेजारचा रघू हा कोळीवाड्यातला नावाजलेला तांडेल. स्वतःच्या होरीचा, म्हणजे होडीचा, म्होरक्या. बंदरावर होरी बांधताना त्याचा पाय निसटला आणि तो होरी आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. कण्याला मार बसला. मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कणा पुरता तुटलेला नाही, व्यायाम करा, वाट बघा. रघू घरी आला तो कंबरेखाली लाकूड होऊन. अलिबागहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन त्याचे पाय हलवून जायची. रघू भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवण परत जायचं. शेवटी एक दिवस बायकोला, जनाला, म्हणाला, "होरी चुलत्याला दे. मी आता होरीवर येत नाय."

आणि मग श्रावणात एका सकाळी जना ओल्या हातांनी आळीभर धावत सुटली. "रघूचे पाय हालतान गो! दोनी पाय हालतान!"

आम्ही सगळे धावलो. खरंच हलत होते. चादर सरकवली की दोन्ही पाय ताडकन उडायचे, थरथरायचे आणि मग सावकाश निवायचे. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. जनानं साखर वाटली. मी पेढे घेऊन गेलो होतो. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशी तांडेलानं आपल्या होरीवर उभं राहून दर्याला नारळ द्यायचा आणि मग मासेमारी सुरू करायची, ही कोळीवाड्याची रीत. तिथल्या तिथं ठरलं, यंदाचा नारळ रघूच देणार. दोघांनी दोन्हीकडून धरायचं आणि त्याला होरीच्या टोकाशी उभं करायचं. पाय तर चालू झालेच आहेत! रघू कित्येक आठवड्यांनी हसला.

तेवढ्यात म्हात्रेबाई आल्या. कुणाशी न बोलता पुढे गेल्या आणि रघूच्या तळव्यावरून नख ओढलं. पाय उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तू उचल," बाई म्हणाल्या.

रघूनं डोळे मिटले, दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. पाय जागचा हलला नाही.

"हे पाय रघू हलवत नाही," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "कण्यातल्या पेशी आपल्या आपण वाजतायत. वरून निरोप तुटला की त्या आधी सुन्न पडतात. मग काही आठवड्यांनी वरच्या मदतीवाचून जाग्या राहायला शिकतात. पण त्यांना 'गप' म्हणणारं कुणी उरत नाही. म्हणून चादर घासली, पंख्याचा वारा लागला, की वाजत सुटतात. पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण होरीवर उभा केलात तर पाण्यात जाईल तो."

नारळाचा बेत तिथंच मोडला. रघूनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. जना उठली आणि बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाय, तुना नवरा नाय, पोर नाय. तुना कय कलनार माझ्या घरातला?"

बाईंनी हातोडी पर्समध्ये होती ती उगीचच चाचपली आणि निघून आल्या.

दुसऱ्या दिवसापासून, दर्या बंद असला तरी बंदरावर खाडीच्या मासळीनं टोपल्या भरलेल्या असायच्या आणि बाई दिसल्या की कोळणी म्हणायच्या, "आज मासली नाय." मीही चिडलो होतो. पेढे माझेही वाया गेले होते. ओट्यावर बाईंना म्हटलं, "जरा गोड बोलता आलं नसतं का?"

"गोड बोलून बुडालेला माणूस वर येतो का, मालक?" एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. हे पहिल्यांदाच झालं.

मग त्यांच्या खोलीतून दिवसा खाटखूट ऐकू यायला लागली. चार-पाच दिवसांनी मला बोलावणं आलं. खोलीत पलंगावर जुन्या ट्रान्झिस्टरएवढा पत्र्याचा डबा, त्याला एक स्पीकर, आणि डब्यातून निघालेल्या वायरी. कॉलेजची प्रयोगशाळा भंगारात निघाली तेव्हा बाईंनी हा डबा विकत घेऊन ट्रंकेत ठेवला होता. टॉर्चच्या सेलवर चालायचा. त्यांनी माझ्या नडगीवर चिकटपट्ट्या लावल्या. बेडकांनंतर माझा नंबर लागला, हे मी मुकाट्यानं मान्य केलं.

"पायाचा अंगठा वर करा. फार नाही. अगदी मनातल्या मनात."

स्पीकर नुसता घुमत होता. मग आवाज आला. तड्. तड्. तड्. मी दचकून अंगठा सोडला तर शांत. जास्त उचलला तर आवाज दाटला, इतका की एकात एक मिसळून खरखर झाली.

"पहिला आवाज आला ना, ती तुमच्या कण्यातली एक पेशी. एकटी. इतकी वर्षं तुमच्यासाठी खपतेय, आज ऐकलीत."

मला उगीचच लाजल्यासारखं झालं. आपल्या घरात कुणी इतकं काम करतं आणि आपण साधी चौकशी केलेली नसते, तसं काहीतरी.

"पाय हललेला दिसायला पुष्कळ पेशी लागतात," बाई म्हणाल्या. "ऐकू यायला एकच पुरते. रघूचा कणा पुरता तुटलेला नाही म्हणतात. वरून खाली यायला एखादी जरी वाट उरली असेल, तरी डोळ्याला दिसणार नाही. हा डबा सांगेल."

"आणि उरली नसेल तर?"

बाई बराच वेळ वायरीचं टोक पिळत राहिल्या. "तर ते रघूच्या समोर ऐकावं लागेल मला," म्हणाल्या. बाईंना घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट मुलीला त्यांनी आधी विचारलं. ती म्हणाली, करायला हरकत नाही, आशा मात्र लावू नका. दुपारी आम्ही तिघं रघूच्या दाराशी गेलो. जना उंबऱ्यात उभी राहिली ती बाजूला होईना. मी म्हटलं, "जनावहिनी, शॉक-बिक काही नाही, नुसतं ऐकायचं आहे." माझ्या शब्दाला तिनं काडीची किंमत दिली नाही. आतून रघूच म्हणाला, "येऊ दे गो. आनी कय होनार हाय?"

बाईंनी पंखा बंद केला. हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मगच रघूच्या पायाला लावले. तरी एकदा पाय उडालाच, तो निवेपर्यंत त्या थांबल्या. नंतर डाव्या नडगीवर पट्ट्या लावून डबा चालू केला. घूंऽऽ.

"रघू, अंगठा उचल."

घूंऽऽ.

"परत."

घूंऽऽ. रघूच्या कपाळावर घाम आला. फिजिओथेरपिस्ट मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण त्या पट्ट्या काढेनात.

"होरीवर जाळं ओढतोस तेव्हा सुकाणू कोण धरतं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कोन धरनार? मीच," रघू छताकडे बघत म्हणाला. "हात जाल्याला लागतान. पायानं धरतंय सुकाणू."

"कुठल्या पायानं?"

"उजव्या."

"जल्ला मेला! मग मी मघापासून डाव्याला काय विचारत बसलेय?" बाईंनी भराभर पट्ट्या काढून उजव्या नडगीवर लावल्या. "मिट डोळे. जाळं भरलंय. हात गुंतलेत. लाट उजवीकडून येतेय. सांभाळ सुकाणू."

घूंऽऽ.

"सांभाळ रे, होरी फिरतेय!"

तड्.

 मला वाटलं वायर हलली असेल.

तड्. तड्.

"जोर लाव."

तड्. तड्. तड्-तड्-तड्. अंगठा जागचा हलत नव्हता. पाय तसाच पडला होता, आणि डबा बोलत होता.

"मोहरी तडतडते तशीच ना," जना पुटपुटली. मग तिचा चेहरा एकदम कडक झाला. एकदा साखर वाटून बसलेली बाई ती. "ह्या पन खोटाच ना, बाय? आपला आपन वाजतंय ना त्या?"

"बघू," बाई म्हणाल्या. "रघू, लाट गेली. सोड सुकाणू."

आवाज थांबला. नुसतं घूंऽऽ.

"धर."

तड्-तड्-तड्.

"सोड."

शांत.

"आपोआप वाजणारी पेशी सांगून थांबत नाही, जना," बाई म्हणाल्या. "ही थांबली. बारीक का होईना, वाट आहे."

फिजिओथेरपिस्ट मुलगी खिडकी सोडून डब्यावर वाकली होती. "पुन्हा करा, पुन्हा करा," म्हणत होती. पण रघूला आता कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच आवाज काढत होता. सावकाश, मग भराभर, मग पुन्हा सावकाश, मग एकदम बंद. डोळे उघडून आपल्या निजलेल्या पायाकडे बघत होता.

"बाय, यो मीच ना?" त्यानं विचारलं.

"तूच रे बाबा," बाई म्हणाल्या. "तूच."

आणि उठून तरातरा बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो. ओट्यावर जाळ्यांचा ढीग होता, त्याच्यावर बसून बाई हमसाहमशी रडत होत्या. पदरानं तोंड दाबून, लहान मुलीसारख्या. 

"बाई, अहो, चांगलंच झालं की."

"मालक, उभा जन्म मी हा आवाज ऐकला," त्या म्हणाल्या. "खोलीवर जाऊन करायचं काय, 'आलीस का' म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून लॅबमध्येच बसायचे. स्पीकर चालू ठेवायचे, तेवढीच सोबत. आवाज का वाढला, का मंदावला, सगळं सांगता यायचं मला. पण पलीकडे कधी कुणी नव्हतं हो. बेडूक असायचा, मासा असायचा. आज मी सोड म्हटलं, आणि पलीकडून एका माणसानं ऐकलं."

जना दारात येऊन उभी राहिली होती. तिनं किती ऐकलं ठाऊक नाही. ती येऊन बाईंच्या शेजारी जाळ्यावर बसली आणि त्यांचं मनगट आपल्या हातात धरून ठेवलं. 

"बाय, तो तुना बोलवतंय," जना म्हणाली. "बोलतंय, बाय नाय तवर मी करनार नाय. रोज येशील ना? जेवाला पन हितंच ये."

"दमेल तो जल्ला मेला," बाई म्हणाल्या. नाक पुसलं, पदर खोचला आणि आत गेल्या.

रघू कधी उभा राहील, राहील की नाही, हे त्या दुपारी आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आणि जना ओट्यावरच थांबलो. आतून आधी एक, मग दुसरा, मग भराभर आवाज यायला लागले. "हळू रे, हळू!" बाई ओरडल्या, आणि रघू मोठ्यानं हसला.